खानदेशातील रोजचा रेल्वेप्रवास: लोकल मागावी की वेळापत्रक?

आपण विचारले आहे, की मुंबई-पुण्याला लोकल आहे, तर चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे आणि नंदुरबार या गावांना जोडणारी लोकल खानदेशात का नाही, ती कधी होऊ शकेल का, आणि पाचोऱ्याच्या प्रवासी संघटनेने रेल्वेकडे नेमके काय मागावे. आपण स्वतः पाचोऱ्याहून जळगावला महाविद्यालयात शिकवायला जाता, आपल्या एक सहकारी धरणगावहून निघून जळगावला गाडी बदलतात व भुसावळला पोहोचतात, आणि त्यांची पुढची गाडी वारंवार चुकते, हेही आपण कळवले आहे. मी रेल्वेच्या परिचालन खात्यात, आधी नियंत्रण कक्षात आणि नंतर वेळापत्रकाच्या कामावर, नोकरी केली आहे. हा प्रश्न निवेदनांमध्ये नेहमी येतो आणि त्याला बहुधा दोन ओळींचे उत्तर मिळते, म्हणून येथे जरा विस्ताराने लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. खानदेशात अपडाऊन करणाऱ्यांच्या सोयीसाठी लागणारे बहुतेक रूळ आज जागेवर आहेत आणि त्यांवर विजेच्या ताराही आहेत. नाही ते वेळापत्रक, म्हणजे कामावर जाण्याच्या आणि घरी परतण्याच्या वेळा आधी ठरवून मग त्याभोवती बांधलेले वेळापत्रक. म्हणून ‘लोकल द्या’ अशी मागणी करण्यापेक्षा ‘सकाळी अमुक ते अमुक या वेळेत जळगावला पोहोचणारी आणि संध्याकाळी अमुक वेळेला जळगावहून सुटणारी मेमू द्या, आणि जळगावला दोन्ही बाजूंच्या गाड्यांचा मेळ घाला’ अशी मागणी संघटनेने करावी. मेमू म्हणजे वेगळे इंजिन न लावता विजेवर चालणारी कमी पल्ल्याची गाडी. पहिल्या मागणीला ‘धोरणात्मक बाब’ असे उत्तर देऊन फाईल बंद करता येते. दुसरीला होय किंवा नाही म्हणताना अधिकाऱ्याला तक्ता उघडून बसावे लागते.

आता रुळांचा नकाशा पाहू. मुंबईहून येणारा मुख्य मार्ग मनमाडहून चाळीसगाव, कजगाव, नगरदेवळा, पाचोरा, म्हसावद, शिरसोली या गावांवरून जळगावला आणि भादलीवरून भुसावळला जातो. हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीने १८६० च्या दशकात टाकलेला मार्ग आहे. भुसावळला त्याच्या दोन शाखा होतात, एक बोदवड-मलकापूरकडून नागपूरला आणि दुसरी सावदा, निंभोरा, रावेर या केळीच्या पट्ट्यातून खंडव्याला जाते. जळगावहून पश्चिमेला पाळधी, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असा ताप्ती खोऱ्याचा मार्ग सुरतेजवळ उधन्याला मिळतो. चाळीसगावहून धुळ्याला जाणारी एकेरी शाखा १९०० साली सुरू झाली. म्हणजे चोपडा, यावल, पारोळा, शिरपूर अशी रेल्वे न पोहोचलेली मोठी गावे सोडली, तर खानदेशातील बहुतेक बाजारपेठा सव्वाशे वर्षांपासून रुळांवर आहेत.

पण हे रूळ एका घरचे नाहीत, आणि आपल्या सहकाऱ्यांची गाडी का चुकते याचे निम्मे उत्तर तेथे आहे. चाळीसगाव, धुळे, जळगाव आणि भुसावळ हा भाग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतो. जळगाव स्थानक ओलांडून पाळधीकडे निघालात, की पश्चिम रेल्वेचा मुंबई सेंट्रल विभाग सुरू होतो. त्यामुळे धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा आणि नंदुरबारच्या गाड्यांचा निर्णय भुसावळला होत नाही. पश्चिम रेल्वेचा वेळापत्रक अधिकारी त्या मार्गाकडे सुरतेच्या बाजूने पाहतो. सुरतेला गाडी कधी पोहोचावी, उधन्याच्या यार्डात तिला जागा कधी मिळेल, याचा विचार आधी होतो आणि जळगावची वेळ त्यातून जी उरेल ती पडते. भुसावळचा अधिकारी मुख्य मार्गाकडे नाशिक-मुंबईच्या बाजूने पाहतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि जळगावच्या फलाटावर उतरलेल्या माणसाला पुढची गाडी पाच मिनिटांपूर्वी निघून गेलेली दिसते. सुरत-भुसावळ पॅसेंजरसारख्या गाड्या ही सरहद्द ओलांडून जातात, त्यामुळे अडचण नियमांची नाही हे उघड आहे. दोन विभागांच्या वेळापत्रकांची एकत्र बैठक होते तेव्हा त्या टेबलावर लांब पल्ल्याच्या गाड्या असतात. धरणगावहून भुसावळला जाणारा प्रवासी तेथे कोणाच्याच यादीत नसतो.

उत्तराचा दुसरा भाग तांत्रिक आहे, आणि तो संघटनेने नीट समजून घ्यावा असे मला फार वाटते, कारण तो समजला नाही तर निवेदन रागाच्या भाषेत लिहिले जाते आणि समजला तर कामाच्या भाषेत. प्रश्न हा, की पॅसेंजर किंवा मेमू मधल्या स्थानकावर दहा-पंधरा मिनिटे का उभी राहते.

दुहेरी मार्गावर पारंपरिक पद्धतीने गाड्या चालवताना दोन स्थानकांमधल्या रुळावर एका दिशेने एका वेळी एकच गाडी असते. पुढच्या स्थानकाच्या स्टेशन मास्तरांकडून ‘लाईन क्लिअर’ मिळाल्याशिवाय मागचे स्टेशन मास्तर गाडी सोडू शकत नाहीत. आता पाचोरा ते जळगाव हे सुमारे ४८ किलोमीटरचे अंतर घ्या. मधे परधाडे, माहेजी, म्हसावद आणि शिरसोली ही स्थानके आहेत. इगतपुरी ते भुसावळ आणि पुढे बडनेऱ्यापर्यंतच्या मार्गावर ताशी १३० किलोमीटरपर्यंत वेग नेण्याची सोय झाली आहे, त्यामुळे न थांबणारी जलद गाडी हे अंतर साधारण पंचवीस मिनिटांत पार करते. चारही ठिकाणी थांबणाऱ्या मेमूला पाऊण तास लागतो. फरक वीस मिनिटांचा आहे, आणि सगळा गुंता या वीस मिनिटांतून निर्माण होतो.

उदाहरणादाखल काही वेळा कल्पून पाहू. मेमू पाचोऱ्याहून ८ वाजून १० मिनिटांनी सुटली आणि तिच्यामागून एक जलद गाडी ८.२५ ला पाचोऱ्यातून धडधडत गेली. मेमूला वाटेत कोणी अडवले नाही तर ती जळगावला ८.५५ च्या सुमारास पोहोचेल, पण जलद गाडी ८.५० लाच तेथे हजर व्हायला हवी. म्हणजे शिरसोलीच्या आसपास जलद गाडी मेमूच्या पाठीवर येणार आणि तिला पिवळे सिग्नल लागणार. हे टाळण्यासाठी नियंत्रण कक्षातला कंट्रोलर मेमूला म्हसावदच्या लूप लाईनवर, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळावर, घेतो. लूपमध्ये शिरताना सांध्यावरून, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागेवरून, ताशी पंधरा ते तीस किलोमीटर इतकाच वेग चालतो, म्हणून तेथेच दोन मिनिटे जातात. गाडी पूर्ण आत आल्यावर सांधे फिरतात, मुख्य मार्गाचे सिग्नल हिरवे होतात आणि ८.४० च्या आधी जलद गाडी निघून जाते. पण मेमू तेव्हाही सुटत नाही, कारण जलद गाडीने शिरसोली ओलांडल्याशिवाय म्हसावदच्या स्टेशन मास्तरांना पुढची लाईन क्लिअर मिळत नाही. ती मिळते ८.४६ ला. मेमू ८.४७ ला हलते आणि जळगावला ९.०८ ला लागते. त्या जलद गाडीमागे लगेच दुसरी जलद गाडी असेल, आणि लांबून उशिरा आलेल्या गाड्या बहुतेक वेळा अशाच जोडीने येतात, तर कंट्रोलर मेमूला दोन्ही गाड्या जाईपर्यंत थांबवतो. मग डब्यात बसलेला माणूस घरी फोन करून सांगतो, ‘गाडी उभी शे, काय माहीत कवय सुटी,’ आणि साडेनऊची हजेरी हुकते.

या उदाहरणातून मला दाखवायचे आहे ते वेगळेच. तीच मेमू पाचोऱ्याहून ७.५५ ला सोडली असती, तर ती जलद गाडीच्या पुष्कळ आधी ८.४० ला जळगावला पोहोचली असती. किंवा जलद गाडी पुढे काढून ८.३२ ला सोडली असती, तर वाटेत कुठेही न अडकता ९.१७ ला पोहोचली असती. म्हणजे पंधरा-वीस मिनिटे इकडे किंवा तिकडे सरकवल्याने रस्ता मोकळा मिळतो आणि भलत्याच मिनिटाला सोडल्याने गाडी रोज सडते. वेळापत्रक करणारे लोक यासाठी कागदावर एका बाजूला वेळ आणि दुसऱ्या बाजूला स्थानके घेऊन प्रत्येक गाडीची तिरकी रेषा काढतात; जलद गाडीची रेषा उभट असते, थांबणाऱ्या गाडीची आडवी होत जाते, आणि दोन रेषा जेथे कापतात तेथे कोणाला तरी लूपमध्ये जावे लागते. संघटनेने मागणी करण्यापूर्वी पाचोरा-जळगाव टप्प्याचा असा सकाळी ७ ते १० चा तक्ता स्वतः काढावा. सार्वजनिक वेळापत्रकातून हे एका दुपारचे काम आहे, आणि आपल्या महाविद्यालयातला गणिताचा कोणताही विद्यार्थी ते करील. ज्या निवेदनासोबत असा तक्ता जोडलेला असतो, ते वाचणाऱ्याला बाजूला ठेवणे जड जाते.

मेमूचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. इंजिन लावलेल्या जुन्या पॅसेंजरला प्रत्येक थांब्यावर ब्रेक लावून पुन्हा वेग घेण्यात बराच वेळ जातो, कारण सगळी ओढ पुढच्या एका इंजिनावर असते. मेमूमध्ये डब्यांच्या प्रत्येक गटात एक मोटार डबा असतो, ओढ गाडीभर वाटली जाते आणि गाडी लवकर वेग घेते. दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागत नाही. लोको पायलट आणि गार्ड जागा बदलतात आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडी परत निघते. चाळीसगाव-धुळे शाखेवर मेमू आली तेव्हा सगळ्यात मोठा फायदा झाला तो हाच. एक गोष्ट मात्र मागणीत आवर्जून लिहावी: लहान स्थानकांवरचे फलाट उंच करून मागावेत. परधाडे किंवा माहेजीसारख्या ठिकाणी फलाट सखल असेल, तर डब्याच्या पायऱ्या चढायला डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला आणि काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्याला जो वेळ लागतो, तो एका मिनिटाच्या थांब्यात मावत नाही. गाडी रोज तेथे दोन-तीन मिनिटे खाते आणि लूपमध्ये जाण्याची वेळ त्यातूनच येते. पूर्ण उंचीचा फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो. तो झाला, की चढ-उतार निम्म्या वेळेत होते.

मुंबईच्या लोकलशी आपली तुलना होऊ शकत नाही, कारण तेथे उपनगरी गाड्यांना बऱ्याच अंतरापर्यंत स्वतःचे वेगळे रूळ आहेत. पुणे-लोणावळा लोकलशी मात्र होऊ शकते. १९७८ पासून चालणारी ही ६४ किलोमीटरची सेवा मुंबई-पुण्याच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांबरोबर त्याच दोन रुळांवर चालते. अशा मार्गावर गाड्या वाढवायला स्वयंचलित सिग्नलचा मोठा उपयोग होतो. त्या पद्धतीत दोन स्थानकांमध्ये ठरावीक अंतरावर सिग्नल असतात, त्यामुळे एकीमागे एक अशा अनेक गाड्या त्याच टप्प्यात चालू शकतात आणि वर सांगितलेली लाईन क्लिअरची वाट पाहावी लागत नाही. म्हणून जळगाव ते चाळीसगाव टप्प्यात स्वयंचलित सिग्नलचे काम लवकर व्हावे, ही मागणी ‘लोकल’ या शब्दापेक्षा कितीतरी मोलाची आहे. जळगाव-मनमाड तिसऱ्या मार्गिकेचे काम हाती घेतलेले आहे आणि चौथ्या मार्गिकेलाही नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. या मार्गिका पूर्ण झाल्यावर त्यांवर मालगाड्याच चालतील की सकाळ-संध्याकाळ थोडी जागा मेमूला राखली जाईल, हे आत्ताच विचारून ठेवायला हवे, कारण मार्गिका तयार झाली की पहिल्या दिवसापासून तिच्यावर दावा सांगणारे पुष्कळ असतात.

पुणे-लोणावळ्याच्या अनुभवातून आणखी एक धडा मिळतो. तेथे दुपारी बराच वेळ लोकल नसते आणि प्रवासी त्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करतात. ही गाळलेली वेळ रूळ, तारा आणि सिग्नल यांच्या देखभालीसाठी ठेवलेली असते, तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. मुख्य मार्गावर असा ब्लॉक ठेवावाच लागतो. तो रोखला तर पुढे रूळ तडकण्याच्या आणि तारा तुटण्याच्या घटना वाढतात आणि मग कोणाचीच गाडी वेळेवर राहत नाही. तेव्हा पहिल्या मागणीत दुपारच्या फेऱ्या घालू नयेत. आधी आपल्या टप्प्यात ब्लॉकची वेळ कोणती ते विचारून घ्यावे आणि सकाळी ६.३० ते १० व संध्याकाळी ५ ते ८.३० एवढ्याच पट्ट्यावर सगळा जोर लावावा. अधिकाऱ्याला होय म्हणता येईल अशी मागणी आधी करावी.

जळगाव-भुसावळ हा २४ किलोमीटरचा टप्पा वेगळा विचारात घ्यावा लागतो. मुंबई मार्ग आणि सुरत मार्ग जळगावला एकत्र येतात आणि दोन्हींची वाहतूक या २४ किलोमीटरांवर पडते; पूर्वेकडून गुजरातकडे जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या त्यातच आल्या. म्हणूनच येथे तिसरी आणि चौथी मार्गिका आधी टाकली गेली. या टप्प्यावर प्रवासी दोन्ही दिशांनी असतात: भुसावळहून जळगावच्या महाविद्यालयांत, इस्पितळांत, सराफ बाजारात आणि औद्योगिक वसाहतीत येणारे, तसेच जळगावहून भुसावळच्या रेल्वे कचेऱ्या, कारखाने आणि दीपनगरच्या वीजकेंद्राकडे जाणारे. अशी दुतर्फा गर्दी वेळापत्रक करणाऱ्याला आवडते, कारण गाडी परतताना रिकामी धावत नाही. दिवसभरात येथून डझनावारी एक्स्प्रेस जातात, मग मेमू कशाला, असे कोणी म्हणेल. पण हावडा किंवा दिल्लीकडून येणाऱ्या गाडीचा उशीर हजार किलोमीटर मागे सुरू झालेला असतो आणि तिच्या भरवशावर रोजची हजेरी लावता येत नाही. शिवाय मासिक पासवर आरक्षित डब्यात बसता येत नाही आणि सुपरफास्टसाठी जादा अधिभार भरावा लागतो, त्यामुळे पासधारकांची सगळी गर्दी पुढच्या-मागच्या जनरल डब्यांत कोंबली जाते आणि लांबून आलेल्या प्रवाशांशी रोजची भांडणे होतात. ती भांडणे मिटवण्याचा मार्ग म्हणजे भुसावळ-जळगाव दरम्यान पासधारकांसाठी स्वतःच्या वेळेला सुटणारी गाडी.

धुळ्याच्या शाखेचा हिशेब सोपा आहे. चाळीसगाव ते धुळे अंतर सुमारे ५६ किलोमीटर, मार्ग एकेरी, मधली स्थानके लहान. एका बाजूला साधारण सव्वा तास आणि दोन्ही टोकांना थोडी विश्रांती धरली, तर एक मेमू रेक, म्हणजे डब्यांचा एक पूर्ण संच, तीन तासांच्या आत एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत एकाच रेकवर चार ते पाच फेऱ्या बसतात. येथे खरा प्रश्न चाळीसगावच्या फलाटावर निर्माण होतो. धुळ्याहून आलेल्या माणसाला पुढे जळगावला किंवा नाशिकला जायचे असते. मेमूने मुख्य मार्गाच्या गाडीसाठी पंधरा मिनिटे थांबावे असे वेळापत्रकात लिहिले, तर शाखेवर दुसरी गाडी खोळंबत नाही, कारण तेथे गाड्याच कमी आहेत. म्हणून शाखेची गाडी मुख्य गाडीची वाट पाहील हे तत्त्व लेखी मागावे. मुख्य मार्गावरच्या गाडीने शाखेसाठी थांबावे ही मागणी कोणी मान्य करणार नाही आणि करूही नये.

पाचोरा-जामनेर नॅरोगेजबद्दल आपण विचारले नाही, पण पाचोऱ्याच्या माणसाला पी.जे.ची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशा गावांमधून जवळजवळ शंभर वर्षे धावलेली ही गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तिचे ब्रॉडगेज रूपांतर आणि बोदवडपर्यंतचा विस्तार मंजूर झालेला आहे. हे काम पुरे होईल तेव्हा पाचोरा पुन्हा खऱ्या अर्थाने जंक्शन होईल आणि शेंदुर्णी-पहूरची मुले पाचोऱ्याला गाडी बदलून जळगावला जाऊ लागतील. त्या वेळी पाचोऱ्याला मेमू फिरवण्यासाठी, म्हणजे मुख्य मार्ग न अडवता गाडी उभी करून परत पाठवण्यासाठी, वेगळा फलाट लागेल. स्थानकाचा आराखडा कागदावर असतानाच तो मागावा. काँक्रीट पडल्यावर मागून मिळत नाही.

भाड्याबद्दल थोडे. करोनाच्या काळात अनेक पॅसेंजर गाड्या विशेष एक्स्प्रेस म्हणून धावू लागल्या आणि किमान भाडे ३० रुपये झाले. २०२४ च्या फेब्रुवारीपासून साध्या गाड्यांचे किमान भाडे पुन्हा १० रुपयांवर आले. पास मात्र सगळ्यांत स्वस्त पडतो. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना आणि बारावीपर्यंतच्या मुलांना घर ते शाळा-महाविद्यालय या प्रवासासाठी द्वितीय श्रेणीचा मासिक पास मोफत मिळतो, आणि ही सवलत आमच्या भागात फार थोड्यांना माहीत आहे. आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ती लावली तर या वर्षीच फरक दिसेल. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्यामुळे अनेक नोकरदार स्त्रिया बसकडे वळल्या आहेत, हेही लक्षात घ्यावे. रेल्वेचा अधिकारी पासांची संख्या पाहून मागणी मोजतो. गाडी सोयीची नाही म्हणून पास काढला जात नाही, आणि पास नाहीत म्हणून गाडी मिळत नाही. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी एसटीने जाणाऱ्यांचीही गणना संघटनेनेच करावी लागेल.

ही गणना कशी करावी तेही लिहितो. लग्नसराई, परीक्षा आणि सणाचे दिवस सोडून साधा मंगळवार किंवा बुधवार निवडावा. पाचोरा, म्हसावद, धरणगाव, अमळनेर अशा प्रत्येक स्थानकावर आणि त्याच गावाच्या एसटी थांब्यावर दोन-दोन माणसे सकाळी सहा ते दहा उभी करावीत. जाणाऱ्याला तीनच प्रश्न विचारावेत: कुठे पोहोचायचे, किती वाजता पोहोचायला हवे, परत किती वाजता निघता. नाव, पत्ता, मत काही विचारू नये, त्याने रांग खोळंबते आणि लोक कंटाळतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जळगावला हेच करावे. या कागदांवरून जळगावला पोहोचण्याची खरी वेळ समजेल. मला वाटते, ती महाविद्यालयांसाठी सकाळी साडेसातच्या आसपास आणि कचेऱ्या-दुकानांसाठी साडेनऊच्या आसपास अशी दोन ठिकाणी एकवटलेली दिसेल, म्हणजे एक नव्हे तर दोन गाड्या लागतील. पाळधीजवळ बांभोरीला विद्यापीठ आहे, तेथे जाणाऱ्यांचा वेगळा रकाना ठेवावा, कारण ते जळगावपर्यंत येऊन उलटे जातात की पाळधीला उतरतात हे समजले, तर पाळधी स्थानकाबाहेरच्या बससोयीची मागणी एसटी महामंडळाकडे करता येईल.

आता पुढच्या काळातील एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. बोरविहीर ते नरडाणा या सुमारे ५० किलोमीटरच्या नव्या मार्गाचे भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात झाले, आणि मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. इंदूर मार्गाची चर्चा खूप होते, पण अपडाऊन करणाऱ्यांच्या दृष्टीने बोरविहीर-नरडाणा हा छोटा तुकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो झाला, की चाळीसगावची शाखा सुरत मार्गाला जोडली जाईल आणि जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, धुळे परिसर, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, पुन्हा जळगाव असे अडीचशेहून अधिक किलोमीटरचे वर्तुळ पुरे होईल. आजवर धुळ्याहून अमळनेरला रेल्वेने जायचे म्हणजे चाळीसगाव आणि जळगावचा वळसा घ्यावा लागत होता, त्यामुळे कोणी जातच नव्हते. मेमू दोन्ही टोकांनी चालत असल्यामुळे या वर्तुळावर कुठूनही कुठे गाडी फिरवता येईल. मात्र नवा मार्ग बोरविहीरला, म्हणजे आजच्या धुळे स्थानकाच्या अलीकडेच फुटतो. वर्तुळावरची गाडी शहरातल्या जुन्या स्थानकात न जाता बाहेरून निघून गेली, तर धुळेकरांना तिचा उपयोग निम्म्याने कमी होईल. गाडी धुळे स्थानकात येऊन परत फिरेल की बाहेरच्या स्थानकापासून शहरात बस मिळेल, याचे उत्तर धुळ्याच्या संघटनांनी आत्ताच लेखी घ्यायला हवे.

शेवटी निवेदनाच्या रचनेबद्दल. वेळापत्रकात मोठे बदल साधारणपणे वर्षातून एकदा होतात आणि त्यांची जुळवाजुळव कित्येक महिने आधी सुरू होते, म्हणून ऐन नव्या वेळापत्रकाच्या तोंडावर दिलेल्या निवेदनाचा विचार पुढच्या वर्षी होतो. निवेदन दोन पानांचे असावे. पहिल्या पानावर फक्त तीन मागण्या घालाव्यात: चाळीसगावहून निघून पाचोऱ्यामार्गे ठरलेल्या वेळेत जळगावला व पुढे भुसावळला पोहोचणारी मेमू आणि तिची संध्याकाळची परतफेरी, नंदुरबार-अमळनेरकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीचा जळगावला या मेमूशी पंधरा ते वीस मिनिटांचा मेळ, म्हणजे पूल चढून दुसऱ्या फलाटावर जाता येईल एवढा, आणि लहान स्थानकांवरच्या फलाटांची उंची. दुसऱ्या पानावर गणनेचा गोषवारा आणि रेषांचा तक्ता जोडावा. नव्या एक्स्प्रेसची, थांब्यांची किंवा गाडीला नाव देण्याची मागणी त्यात मिसळू नये, कारण थांब्यांचे निर्णय रेल्वे मंडळाकडे जातात आणि सगळे निवेदनच दिल्लीच्या वाटेला लागते. पाचोरा, अमळनेर, धुळे आणि भुसावळ येथील संघटनांनी त्यावर एकत्र सह्या कराव्यात, आणि एकाच मजकुराची प्रत एकाच दिवशी भुसावळच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना व मुंबई सेंट्रलच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना द्यावी. दुसऱ्या कार्यालयाला प्रत दिल्याचा उल्लेख दोन्ही पत्रांत ठळक असावा, आणि दोन्ही विभागांच्या प्रवासी सल्लागार समित्यांवरील सदस्यांकडून तो विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घालून घ्यावा.